हमदची पावलं

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! गावाहून, बिदियाहून, निघताना मामेभाऊ म्हणाला होता की रास मुरैर म्हणजे जगाचं टोक, तिथे बकरीसुद्धा कंटाळून समुद्रात उडी मारेल. त्याला काय कळतंय! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बाभळींचं सपाट रान, आणि मधे आमचे लोखंडी डबे. त्यांनाच खोल्या म्हणायचं. माझ्या डब्यात पलंग आहे, खिडकी आहे, थंड हवेचं यंत्र आहे. घरी यातलं एकही माझ्या एकट्याचं नव्हतं.

फाट्यावर न्यायला मुसल्लमकाका आले होते. हरासीस टोळीचे, इथल्या रानरक्षकांत सगळ्यांत जुने. नाकाला नाक लावून भेट झाली. त्यांनी विचारलं, खबर काय? मी म्हटलं, खबर नाही, सगळं खैर. मग मी विचारलं, तेही म्हणाले, खबर नाही. रीत पार पडली आणि गाडीत बसल्याबरोबर त्यांनी जी खबर सुरू केली ती डबे आले तरी संपेना. कुणाची उंटीण व्याली, कुणी म्हातारपणी तिसरं लग्न केलं, इथल्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी, मुहन्नद साहेबांनी, हौसेने उंटिणीचं ताजं दूध प्यायलं आणि मग वाटेत किती वेळा गाडी थांबवायला लावली. मी हसून हसून बेजार. मला म्हणाले, तुम्ही बिदियाचे लोक खजूर खाऊन मऊ झालेले, बघू या किती दिवस टिकतोस.

संध्याकाळी त्यांनी कुंपणातले ऑरिक्स दाखवले. हरणाच्या जातीची पांढरीशुभ्र जनावरं, पाय तेवढे काळे, आणि हातभर लांब सरळ शिंगं. रानातून ही पार संपली होती, बाहेरून आणून पुन्हा वाढवली. आता कारखान्याची पाइपलाइन त्यांच्या चरायच्या रानातूनच जाते, म्हणून त्यांना कोंडलंय आणि पुढच्या महिन्यात ट्रकात घालून लांब नेणार आहेत. घर त्यांचं आणि बिऱ्हाड हलवायचं तेही त्यांनीच. तोवर राखण करायची, हे माझं काम. पगार चांगला आहे. काकांच्या हातचा भात आणि सुका शार्क त्याहून चांगला आहे.

६ ऑक्टोबर

परवा मीसुद्धा वहीला आधी ‘सगळं खैर’ सांगून टाकलं. आता खरी खबर लिहितो.

माझा थोरला भाऊ हमद याच कारखान्याच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी पाइपलाइनचा चर ढासळला आणि तो गेला, असं कंपनीने कळवलं. पेटी आली ती खिळे ठोकून. उघडू नका, बघवणार नाही, असं बरोबरच्या माणसाने बजावलं. आम्ही तशीच पुरली. आई रडली नाही. ती म्हणाली, हा हमद नाहीच, हमदला नाहीसा केलाय.

आमच्याकडे असं होतं म्हणतात. जादूगार माणसाला उचलतो, त्याच्या जागी लाकडाचा ओंडका ठेवतो, घरचे ओंडक्याला आंघोळ घालून पुरतात. माणूस तिकडे रानात मुकाट त्याची गुलामी करत असतो. कधी कुणाला दिसतो, मग नातेवाईक जाऊन त्याला धरून आणतात, घरचं अन्न भरवतात, हळूहळू तो माणसांत येतो. मशिदीतले इमाम म्हणतात थोतांड आहे. मीही चारचौघांत तेच म्हणतो. पण पेटी मीच खांद्यावर घेतली होती, आणि हमदचं वजन मला माहीत होतं. पेटीतलं वजन चालताना सरकत होतं.

म्हणून आईने मला इथे नोकरी धरायला लावली. तिला अख्खं गाव उम्म हमद म्हणतं, हमदची आई. खलफानची आई असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटतो असं नाही. बरं, वाटतो. पण हमदला मी घरी नेलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, तेवढ्यासाठी मी या टोकाला आलोय.

११ ऑक्टोबर

इथलं धुकं म्हणजे इथला पाऊस. पहाटे समुद्रावरून येतं आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. बाभळी टपटप गळत असतात आणि ऑरिक्स एकमेकांच्या अंगावरचं दव चाटतात. आज मी चारा घेऊन गेलो तर सगळा कळप एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभा होता, शिंगं बाहेर करून.

मोठा नर मधोमध पडला होता. गळ्यापासून पोटापर्यंत उघडा. दोन्ही शिंगं मुळातून उपटलेली आणि त्याच्याच बरगड्यांत खुपसलेली. आतडी तारेवर ओढून नेलेली होती. मांस कुणी खाल्लं नव्हतं. फक्त उजवा पुढचा पाय खांद्यातून पिरगाळून नेला होता. 

मग तारेपलीकडे ओल्या वाळूत मला ठसा दिसला. अनवाणी डावं पाऊल, शेवटची दोन बोटं एकमेकांवर चढलेली. लहानपणी हमदच्या पायावर उंट उभा राहिला होता. बिदियाच्या वाळूत मी त्याच्या मागे त्याच्याच ठशांत पाय टाकत चालायचो. तो ठसा मी आंधळा झालो तरी हाताने ओळखीन. उजव्या पावलाचा ठसा नव्हता, नुसता ओढल्याचा चर होता. पाय दुखावलाय त्याचा.

पहारेकऱ्यांचा मुकादम दाद करीम आधी गोळी घालतो आणि मग नाव विचारतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी यायच्या आत मी डोक्याचं फडकं सोडून सगळे ठसे पुसून टाकले. आणि खरं सांगतो, मी हसत होतो.

१२ ऑक्टोबर

टेकाडावर जाऊन आईला फोन केला. ती म्हणाली, मी सांगत नव्हते? मग विचारलं, त्याच्या पोटात काही जातं का? त्याला भात ठेव, तूप घाल, मीठ विसरू नकोस. मी जेवतो का, हे विचारायचं राहून गेलं. गडबडीत असेल.

मेलेल्या जनावराचं मी तिला सांगितलं नाही. आज तारेपलीकडे भाताचं ताट ठेवून आलो.

१५ ऑक्टोबर

आज दोन माद्या गेल्या. एकीच्या पोटात पिल्लू होतं, ते तारेवर टांगलेलं होतं. भाताचं ताट जसंच्या तसं, फक्त पालथं.

ठसे पुन्हा हमदचे. डावं पाऊल, आणि या वेळी उजव्या बाजूला खूर. डावं पाऊल, खूर. डावं पाऊल, खूर. एखादा ऑरिक्स त्याच्या मागे लागला असेल. जनावरं त्याच्यामागे जायचीच, बकऱ्या तर त्याच्या अंथरुणात झोपायच्या. मी हे लिहितोय आणि मलाच ते पटत नाहीये. तरी ठसे पुसले.

दाद करीम येऊन पाहून गेला. म्हणाला, चोरट्या शिकाऱ्याचं काम आहे, धरतोच त्याला. मुसल्लमकाका वाळूकडे बघत राहिले. फडक्याच्या खुणा त्यांना दिसल्या असणार. 

१६ ऑक्टोबर

सुवैद नावाच्या कोळ्याला धरलं. खाली किनाऱ्यावर जाळी सुकवत होता. पूर्वी कधी हरिण मारल्याबद्दल आत जाऊन आला होता, तेवढं पुरलं. कुंपणाच्या दारातच त्याला मारलं, पाइपांनी. तो ओरडत होता की माझे ठसे दाखवा, एक तरी ठसा दाखवा, मग मारा. दाद करीम म्हणाला, ठसे पुसायची अक्कल आहे तुला, हाच पुरावा. पुढचा पाइप तोंडावर बसला. दात माझ्या पायाशी येऊन पडले.

मी एक शब्द बोललो असतो तर त्यांनी हमदच्या मागावर बंदुका घेऊन माणसं सोडली असती. मी बोललो नाही. सुवैद दवाखान्याच्या वाटेवरच मेला. त्याची बायको कारखान्याच्या फाटकाशी बसून कपाळ दगडावर आपटतेय. वाऱ्याबरोबर ऐकू येतंय.

१८ ऑक्टोबर

काकांनी आज मला गाडीत घालून पाइपलाइनवर नेलं. म्हणाले, पुसणारा तूच आहेस, मला पहिल्या दिवशीच कळलं, आणि तू हमदचा भाऊ हे तर तोंडावरूनच दिसतं. आता पोरा, कुणाला झाकतोयस ते मी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी चराच्या सावलीला ऑरिक्स उतरून बसले होते. मुहन्नद साहेबांना थांबायचं नव्हतं, त्यांनी यंत्र पुढे घ्यायला सांगितलं. हमद शिव्या घालत खाली उतरला, जनावरं हुसकायला. कड ढासळली. हमद आणि निम्मा कळप एकदमच खाली गेला. काका म्हणाले, उकरा. साहेब म्हणाले, कोण जगलं असेल, उद्या पाहुणे यायचेत, भरून टाका. वाळू पडत होती तेव्हा आतून हमद हाका मारत होता आणि शिंगं शिंगांवर आपटत होती. बराच वेळ. दाद करीमने काकांच्या छातीला बंदूक लावून ठेवली होती. नंतर पेटीत वाळू भरली तीही त्यानेच.

काका म्हणाले, ते सगळे खाली एकमेकांत तुडवले गेले. आता जे वर आलंय त्यातून तुझा भाऊ वेगळा काढता येणार नाही. ते अर्धवट आहे आणि स्वतःला पुरं करतंय. उद्याच्या उद्या घरी जा.

मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो. त्यांना वाटलं दुःखाने. पेटीत वाळू होती! कुणीच प्रेत पाहिलेलं नाही! आई म्हणत होती ते अक्षर न् अक्षर तेच. काकांचं म्हातारपण, अपराधी मन, त्यांना काहीही दिसेल.

टेकाडावरून आईला फोन केला. आई, ये तू. तुझ्या हाताने तो येईल.

पहिल्यांदाच ती म्हणाली, शाबास खलफान.

२१ ऑक्टोबर

दाद करीम मेला.

सकाळी धुक्यात कुंपणाच्या फाटकावर आडवा अडकवलेला होता. मानेतून शिंग आरपार. दुसरं शिंग तोंडातून. बंदूक झाडून रिकामी, म्हणजे त्याने गोळ्या घातल्या, लागल्याही असतील. उजवा पाय मांडीपासून नाही. काढताना कंबरही अर्धी निघाली होती.

ठसे पुसावेत अशी आता कुणाची भीती उरली नव्हती. मी आणि काका त्यांच्या कडेने चालत गेलो. एकच रांग. डावं पाऊल हमदचं. उजवं पाऊल मोठं, सपाट, टाचेला भेग, दाद करीमचं. त्यांच्या मधे आणि मागे खूर. खूप खूर. शंभर पावलं गेलो तरी रांग एकच. दोन माणसं चालली तर रांगा दोन पडतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

काका म्हणाले, आता दिसलं?

दिसलं.

सुवैदचं तोंड डोळ्यासमोरून जात नाही. मी एकदा बोललो असतो तर —

आईचा फोन लागत नाही.

२२ ऑक्टोबर

कंपनीने पहारेकरी कारखान्यात बोलावून घेतले, फाटकं बंद केली. आमच्याकरता निरोप आला, तुम्ही तुमचं बघा. मुहन्नद साहेब मस्कतला गेले म्हणे. सूडच घ्यायचा असता तर ते त्यांच्या मागे गेलं असतं. त्याला सूड नकोय. जे हाताशी येईल ते हवंय.

मामेभावाचा फोन लागला. आई कालच निघाली, मासळीच्या ट्रकातून. हातापायांना मेंदी लावून, ईदला लावतात तशी. हमदचे कपडे इस्त्री करून घेतलेत. मी ओरडलो की तिला परत बोलाव. तो म्हणाला, फोन ती बंद करून घरीच टाकून गेलीय.

मी तिला सोडून निघू शकत नाही. काका ऑरिक्सना सोडून निघत नाहीत. म्हणाले, सकाळी तार कापतो, त्यांना निदान पळता येईल. मग तुझ्या आईला घेऊ आणि गाडी जिकडे धावेल तिकडे.

धुकं आज दिवसभर उठलंच नाही.

२३ ऑक्टोबर, सकाळ

आई आली. ट्रकवाल्याने दारात सोडली आणि तोंड न दाखवता गेला. थकलीय, पण चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पहिलं वाक्य, कुठाय?

सगळं सांगितलं. चर, पेटी, खूर, पाय. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, तुला तो नकोच होता कधी.

काका बंदूक आणि गाडी घेऊन तार कापायला गेलेत. आत्ता येतील.

नंतर

गोळ्या. चार-पाच. मग कळप धावत गेला डब्यांमधून, पांढरं नुसतं, धुक्यातून धुकं धावल्यासारखं. एक मादी माझ्या भिंतीवर आपटली. तिला मागचे पाय नव्हते.

मग काका. त्यांनी माझ्या नावाने हाक मारली. दार उघडू नकोस म्हणाले, दार उघ— आणि तो आवाज. ओलं लाकूड पिळून मोडतात तसा. पुन्हा. पुन्हा.

गाडीचा हॉर्न वाजतोय, थांबत नाही. त्यांचं डोकं पडलं असेल त्याच्यावर.

थांबला.

नंतर

ते डब्याभोवती फिरतंय. पत्र्याला शिंगं घासताहेत. आई पलंगावर बसून हमदच्या सदऱ्याची घडी मोडते, पुन्हा घालते.

बाहेरून हमद बोलला.

‘आई’ म्हणाला. एवढंच. आवाज त्याचाच होता, खरंच त्याचा, त्यात काही खोट नव्हती. 

मी दाराला पाठ लावून बसलोय. गुडघ्यावर वही. लिहीत राहिलो की ऐकू कमी येतं. आई म्हणते सरक. मी म्हणतो नाही. ती म्हणते, दोन वर्षं तो उन्हातान्हात आहे आणि तू मला अडवतोस. मी म्हणतो आई मी आहे ना, मी आहे, माझ्याकडे बघ. ती बघते. ती

नंतर

किटलीने मारलं. पितळी, भरलेली. कानावर. डोळा उघडत नाही, पानावर रक्त पडतंय ते माझं आहे.

भानावर आलो तर दार सताड उघडं आणि ती पायरीवर, सदरा पुढे धरून. धुकं आत येत होतं. चल बाळा घरी, म्हणत होती. इतकं मऊ ती माझ्याशी कधी —

धुक्यातून हात आला. एक हमदचा. आणखी आले.

मी तिला ओढायला हवं होतं. हाताच्या अंतरावर होती.

मी दार लावलं.

आई बाहेर होती आणि मी दार लावलं, कडी घातली.

एकदाच ओरडली. हमदला हाक नाही मारली. खलफान म्हणाली. मग तो लाकडाचा आवाज, बारीक, तिची हाडं बारीक —

नंतर

शांत आहे.

कुणीतरी पायरीवर आलंय.

खलफान, दार उघड. आवाज आईचा. दमलेला, नेहमीसारखा. म्हणते, हमद मिळाला रे, आता तुझीच वाट बघतोय आम्ही, सगळे घरी जाऊ. तूच आणलंस त्याला. शाबास.

खिडकीतून खाली पायरी दिसते. एका डोळ्याने जेवढं दिसतं तेवढं. दोनच पाय. डावा हमदचा, बोटं एकमेकांवर चढलेली. उजवा छोटा, मेंदी लावलेला, अजून ओली वाटते.

मला माहीत आहे ते काय आहे. जो कुणी ही वही वाचेल त्याने —

पुन्हा हाक मारतेय. चिडलेली नाही. रडतेय. माझ्यासाठी रडतेय.

दोघं मला न्यायला आलीत. मी कडी